डाव्या हाताची राखण

दिवाणखान्यात तेरा माणसं बसली होती, आणि त्या तेराही जणांच्या डोळ्यांदेखत निलमनं स्वयंपाकघरातली कोथिंबिरीची कात्री आणून सासूच्या डाव्या हाताजवळ आलेली सलाईनची नळी खचकन कापली!

सुई टेकायला बोटभर अंतर उरलं होतं. वरच्या बाटलीतलं पाणी भसकन सुटलं ते थेट इंजेक्शनवाल्या दिपकच्या पांढऱ्याशुभ्र पॅन्टवर, आणि तेही अशा जागी, की तेरापैकी सहा बायकांनी तोंडाला पदर लावला आणि सात पुरुषांनी छताचा पंखा पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा न्याहाळला.

"अगं, काय केलंस हे!" सुनंदाबाई किंचाळल्या. "जीव घेतेस का माझा?"

निलमनं कात्री कमरेला खोचली. ओठ हलले... पण शब्द? शब्द कुठून यावेत? दोन वर्षांपूर्वी एका शपथेनं त्या बिचारीची जीभच बांधून टाकली होती!

"आई, डाव्या हाताला नको," एवढंच ती म्हणाली.

"का नको?"

निलमनं सासऱ्यांकडे पाहिलं. प्रल्हादराव, स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांच्या एका हिरव्या झेंड्यानं पस्तीस वर्षं गाड्या हलल्या, त्यांनी वर्तमानपत्र आणखी चार बोटं वर उचललं. ते उलटं धरलं होतं, हे तेरा माणसांत फक्त निलमला दिसलं.

आता डहाणूच्या या घराचा थाट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मध्यमवर्गीय माणसाच्या मोठेपणाच्या खुणा गावोगावी वेगळ्या. कुणी गाडी घेतं, कुणी घरावर मजला चढवतं. या घरात बाटली चढवत! सुनंदाबाईंना जरा गळून गेल्यासारखं वाटलं, जाऊबाईंच्या घरी नवा फ्रीज आला, चिकूच्या वाडीचा माळी उलटं बोलला, की लगेच तलासरीजवळच्या उधव्याला फोन जाई, आणि तिथला दिपक मोटरसायकलवरून बॅग घेऊन हजर. हा दिपक कुठल्याशा दवाखान्यात दोन वर्षं पुड्या बांधायला होता. तेवढ्या पुण्याईवर लोक त्याला डॉक्टर म्हणत, आणि त्याला ते कमीच वाटे. तो यायचा, बाटली खिळ्याला टांगायचा, तिच्यात एक पिवळं आणि एक लाल औषध सोडायचा, की पाणी कसं केशरी व्हायचं! मग शेजारच्या हिरूबेन सगळ्या आळीत सांगत सुटायच्या, "सुनंदाबेनला बाटली लावली हं!" आणि माणसं शहाळी, बिस्किटं घेऊन भेटीला. बाटली संपेपर्यंत सुनंदाबाई डोळे अर्धे मिटून, खोल आवाजात, एखाद्या संस्थानच्या राणीसारखा दरबार भरवीत. रिकाम्या बाटल्या वाडीत चिकूच्या रोपांना ठिबकायला लावत. म्हणतात की त्या वर्षी त्या रोपांना इतकी ताकद आली, की एका रोपानं कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या रोपाशी भांडण काढलं. खरंखोटं ती रोपंच जाणोत. पण सुनंदाबाईंच्या अंगात मात्र दिवसेंदिवस काही राहत नव्हतं, हे खरं.

आणि त्यांचा उजवा हात! मनगटापासून कोपरापर्यंत एक शीर धड नव्हती. आधी सुई टोचलेल्या जागा लाल होत, मग निळ्या, मग हिरव्या-पिवळ्या. शिरा दुखऱ्या झाल्या, कडक झाल्या, कातडीखाली सुतळी ओवल्यासारख्या टणक लागू लागल्या आणि एक दिवस त्यांतून रक्त जायचंच थांबलं. दिपक पट्टा आवळायचा, दोन बोटांनी चापट्या मारायचा, सुई घालायचा, आत फिरवायचा. शीर सरकायची, फुटायची, हात वांग्यासारखा फुगायचा. "काकी, तुमच्या नसा फार लाजाळू आहेत," असं तो म्हणायचा आणि सुनंदाबाईंना तो आपल्या खानदानीपणाचाच गौरव वाटायचा! लाजाळू कसल्या... मेल्या होत्या त्या! रोजच्या टोचणीनं जिवंत शीर मरते, हे त्या घरात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक प्रल्हादराव, दुसरी निलम.

पालघर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सुनंदाबाईंच्या पायाला सूज आली म्हणून सासरे आणि सून त्यांना वापीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले होते. सुनंदाबाईंना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी या दोघांना आत बोलावलं आणि रिपोर्ट पुढे सरकवला.

"मूत्रपिंडं निम्म्याहून अधिक गेली आहेत. साखर आणि ब्लडप्रेशर, दोन्ही जुनी. आज नाही, पण तीन-चार वर्षांत डायलिसिस लागेल. सलाईन तर पूर्ण बंद! आणि एक गोष्ट अगदी गाठ मारून ठेवा. उजव्या हाताचं काही राहिलेलं दिसत नाही. डावा हात राखा. मनगटापासून कोपरापर्यंत एकही सुई नको. रक्त काढायचंच झालं तर पंजाच्या पाठीवरून काढा. उद्या मशीनला जोडायचं तर धडधाकट शीर लागेल, आणि ती दुकानात मिळत नाही."

बाहेर पडताना जिन्याच्या वळणावर प्रल्हादरावांनी सुनेचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाळ, तिला हे कळता कामा नये. तिच्या आईला असाच आजार सांगितला होता, आठ दिवसांत हाय खाऊन गेली बिचारी. यतीनलाही नको सांगूस, त्याच्या पोटात काही राहत नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ!"

"पण बाबा, मग बाटल्या कशा थांबवायच्या?"

"मी थांबवतो ना," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी काय थांबवलं? तर फक्त स्वतःचं बोलणं! सुनंदाबाईंनी फोन उचलला की हे पिशवी घेऊन समुद्रावर फिरायला जात. असल्या माणसाच्या गळ्याची शपथ ती काय, आणि ती पाळायची तरी कशाला, असं कुणीही शहाणा म्हणेल. पण निलम होती गंजाडच्या पाड्यावरची. तिच्या घरी शब्द दिला की दिला. शिवाय तिच्या मनात एक भीती घर करून बसली होती... आपण बोललो आणि खरंच आईंनी हाय खाल्ली तर?

म्हणून तिनं आपली युक्ती काढली. दिवाळीच्या साफसफाईत तिनं सासूचा पलंग फिरवून डावी बाजू भिंतीला घट्ट लावली, टांगायचा खिळा उजवीकडे ठोकला, डाव्या अंगाला लोड आणि उशांचा असा ढीग रचला की दिपकला डाव्या हातापर्यंत पोचायचं तर भिंत फोडून यावं लागावं. दोन वर्षं त्या पोरीनं तो हात असा राखला! जेवणातलं मीठ कमी केलं, तर "गंजाडकडे मिठाचा दुष्काळ आहे वाटतं" हे ऐकून घेतलं. प्यायचं पाणी मोजून दिलं, तर "पाण्यालासुद्धा हिचा जीव जातो" हेही ऐकलं. अवहेलनेचा घोट रोज गिळायचा आणि रोज हसून चहा द्यायचा!

आणि आज उजव्या हातात एकही शीर सापडेना, तेव्हा दिपक म्हणाला होता, "यतीनभाऊ, पलंग जरा ओढा." यतीननं ओढला. मग कात्री आली.

त्या संध्याकाळी घरात न्यायनिवाडा झाला. तलासरीच्या पंचायत समितीत कारकून असलेला यतीन घरी आईचा शिपाई होता.

"निलम, कारण सांग. एक कारण सांग फक्त!"

"सांगता येत नाही मला."

"बघितलंस?" सुनंदाबाई म्हणाल्या. "माणसं चार शहाळी घेऊन मला बघायला येतात, ते हिच्या डोळ्यांत खुपतं. पाड्यावरून आणून पलंगावर बसवली, तिनं माझाच पलंग भिंतीला लावला! मी मरायची वाट बघते आहे ही."

निलमनं पुन्हा एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. एक शब्द... बाबा, फक्त एक शब्द! प्रल्हादराव उठले आणि घसा खाकरला. निलमच्या अंतःकरणात आशेचा दिवा लागला. मास्तर म्हणाले, "मला वाटतं... थोडे दिवस माहेरी जाऊन ये, बाळ. वातावरण निवळेल."

असा हा पुरुषार्थ! गाडी रुळावरून घसरताना पाहिली आणि शिट्टी वाजवायची सोडून मास्तरांनी केबिनचं दार लावून घेतलं.

गंजाडला आई दारातच भेटली. बुधीबाई भाताच्या खाचरात राबून राबून वाकलेली, पण नजर सरळ. लेकीच्या हातातली पिशवी पाहून तिनं विचारलं, "किती दिवस गो?"

"माहीत नाही."

"तुझा नवरा बोलला काय?"

"तो कधी काय बोलतो?"

"मग चांगलंय. मुका बैल निदान नांगर तरी ओढतो. ये आत."

रात्रभर निलम तळमळली. आपलं काय व्हायचं ते होवो! पण आता पलंग ओढलेला आहे, उशा काढलेल्या आहेत, आणि तो दिपक दोन दिवसांत नवी बाटली घेऊन जाईल. डाव्या हाताला एकदा टोचलं, की दहा वेळा टोचणार. मग उद्या आईंना कुठली शीर? विचार करकरून पहाटे तिनं एक बेत ठरवला आणि बाजाराच्या दिवशी उधव्याला दिपकच्या खोलीवर जाऊन उभी राहिली.

खोलीत चार बाकडी, चार बाटल्या आणि चार मजूर. दिवसाची मजुरी बुडवून आलेले, केशरी पाण्याकडे देव पाहावा तसे पाहत पडलेले. दिपकनं तिला पाहून पॅन्टवरून हात फिरवला. ओलावा मनातून गेला नव्हता.

"काय भाभी, कात्री आणलीय का?"

"दिपकभाऊ, तुम्ही सांगाल ते करते. पण आईंच्या डाव्या हाताला सुई लावायची नाही. कधीच नाही."

"का पण?"

"का ते विचारू नका. नाहीतर मी आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते आणि तुमचं सर्टिफिकेट बघायला मागते."

दिपकचा चेहरा क्षणभर उतरला. पण धंद्यात मुरलेला माणूस! तेरा माणसांसमोर गेलेली अब्रू व्याजासकट वसूल करायची संधी त्यानं हेरली.

"ठीक. नाही लावत. पण बाहेर बाजार भरलाय ना, तिथं माझ्या दारात उभी राहा, माझ्या पाया पड, आणि मोठ्यानं म्हण, मी सासूच्या जिवावर उठले होते, डॉक्टरसाहेबांनी तिला वाचवलं. म्हणशील?"

निलमच्या पायाखालची जमीन सरकली. हे वाक्य? हे वाक्य त्या तोंडानं म्हणायचं, ज्या तोंडानं दोन वर्षं सासूसाठी देवाला साकडं घातलं? बाहेर सुकी मासळी विकणाऱ्या वाढवणच्या बायका बसल्या होत्या, कोंबड्यावाले होते, गुजरातेतून आलेले कापडवाले होते. गंजाडची माणसं होती. डहाणूची होती. पाच मिनिटांत सगळा तालुका ऐकणार होता.

ती बाहेर आली. त्या भामट्याच्या चपला घातलेल्या पायांवर तिनं डोकं टेकवलं, आणि भर बाजारात, स्पष्ट, एकही अक्षर न गाळता ते वाक्य म्हटलं... म्हटलं! मासळीवालीच्या हातातला तराजू तसाच राहिला. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या म्हणतात. एका म्हातारीनं थुंकी टाकली, ती निलमच्या पदराजवळ पडली.

ही बातमी दिपकच्या मोटरसायकलच्याही आधी डहाणूला पोचली. सुनंदाबाईंनी ती हिरूबेनकडून चार वेळा वदवून घेतली. यतीननं रविवारी गंजाडला चोरून यायचा निरोप धाडला होता, तो आलाच नाही, पुढेही कधी आला नाही. बायकोच्या बाजूनं एक प्रश्न विचारायलाही ज्याची जीभ उचलली नाही, त्यानं बाजारगप्पेवर मात्र तत्काळ विश्वास ठेवला!

दिपकनं मात्र शब्द पाळला. त्याला सज्जनपणा म्हणू नये कुणी. अधिकाऱ्याची भीती आणि स्वतःच्या हुशारीचं कौतुक, दोन्ही कामाला आली. त्यानं सुनंदाबाईंना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "काकी, डाव्या हाताची नस थेट हृदयात जाते. तिथं बाटली लावली तर हृदय पोहायला लागतं." सून खरं बोलली असती तर पाड्यावरची म्हणून हसल्या असत्या, या थापेवर त्यांनी हात जोडले. मग दिपक पायाला बाटली लावू लागला. पण पायाला लावलेल्या बाटलीत दरबाराची शोभा कुठली? भेटीला आलेल्या माणसानं तळपायांकडे बघत बसायचं आणि शहाळं कुठं ठेवायचं हे विचारायचं! तीन-चार बाटल्यांत सुनंदाबाईंचा उत्साह ओसरला. बाटल्या थांबल्या. डावा हात मात्र तसाच राहिला.

दोन वर्षं गेली. निलम खाचरात राबली, आईबरोबर भाजी विकायला बसली. "हीच ती, सासूच्या जिवावर उठलेली," हे ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचं हसू सुकून गेलं. पण तिनं शपथ मोडली नाही. बुधीबाई एकदाच म्हणाली, "पोरी, तू काय तरी पोटात दाबून ठेवलंस. मी विचारणार नाय. पण ज्याच्यासाठी दाबलंस ना, तो माणूस फुकट जेवतोय तुझ्या जिवावर." तेव्हा मात्र निलम ढसाढसा रडली.

त्यातल्याच दुसऱ्या वर्षी तलासरी-डहाणूत भूकंपाचे धक्के सुरू झाले होते. माणसं अंगणात झोपू लागली. सुनंदाबाईंना धाप लागायची, अंगाला सूज यायची, आणि त्या म्हणायच्या, "जमीन हलतेय, दुसरं काय!" एका सकाळी जमीन स्वस्थ होती, तरी त्या हलत होत्या, श्वास पुरेना. त्यांना वापीला नेल्याचं निलमला भाजीच्या टोपलीवर ऐकू आलं. तिचे हात कोथिंबिरीच्या जुडीवर तसेच थबकले. त्या दिवशी तिनं भाजी मोजली ती एकाला दुप्पट आणि एकाला निम्मी.

मग मे महिन्याच्या एका दुपारी गंजाडच्या पाड्यावर एक रिक्षा थांबली. आधी उतरला यतीन, मान खाली. मग प्रल्हादराव, मान त्याहून खाली. आणि शेवटी सुनंदाबाई... अर्ध्या राहिलेल्या, काळवंडलेल्या, डाव्या मनगटाला पट्टी. बुधीबाईनं खाट ओढून दिली. पाड्यावरची दहा-बारा माणसं गोळा झाली होती. सुनंदाबाईंनी कुणालाही जा म्हटलं नाही.

"निलम," त्या म्हणाल्या, "तिथल्या सर्जननं उजवा हात बघितला आणि बाजूला ठेवून दिला, मोडकी फणी ठेवावी तसा. मग डावा बघितला. दिव्याखाली धरला, पट्टा बांधला, आणि चकित झाला बघ. म्हणाला, इतक्या बाटल्या घेतलेल्या बाईच्या हातात अशी कोवळी शीर? ही राखली कुणी? मी काय म्हटलं असेन?"

निलमची नजर त्या पट्टीवर होती.

"मी म्हटलं, आमच्या दिपकनं!" सुनंदाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "तेव्हा हे... हे तिथंच खाली बसले. लहान मुलासारखे रडायला लागले. चार वर्षांचं सगळं ओकले. रिपोर्ट, शपथ, पलंग... सगळं! मग मी दिपकला बोलावून घेतलं. हे नुसते रडले होते, तो तर थरथरला. त्यानं बाजारातलं सांगितलं. काय बोलायला लावलं ते, आणि कशाच्या बदल्यात, ते सगळं."

"आई, तुम्ही दमाल," निलम पुटपुटली.

"दमू दे! दोन वर्षं तू माझ्यासाठी लोकांची थुंकी झेललीस, आणि मी हिरूबेनला पुन्हा पुन्हा सांगायला लावत होते गं... गोड लागत होतं मला!" त्यांचा आवाज फुटला. "आणि मी काही आठ दिवसांत मेले नाही. आजार कळून महिना झाला, जिवंत आहे. माझं काळीज यांना वाटतं तेवढं कच्चं नव्हतं. कच्चं यांचं होतं."

प्रल्हादराव पुढे झाले. "सूनबाई, मी तुझा अपराधी..."

"तुम्ही रिक्षात बसा!" सुनंदाबाई म्हणाल्या. "तुमची पाळी आली की बोलवू."

मास्तर खरोखर जाऊन बसले. यतीननं तोंड उघडलं, तेव्हा निलमच म्हणाली, "तुझं नंतर बघू." त्या तीन शब्दांत काय होतं ते यतीनला नीट कळलं असावं, कारण तोही जाऊन बापाशेजारी बसला. पाड्यावरच्या बायका हसल्या. कुणी लपवलं नाही.

"घरी चल म्हणायला मला तोंड नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "तू यायचं तेव्हा ये, नाही आलीस तरी तुझं बरोबर. पण मशीनला जोरानं रक्त मिळावं म्हणून सर्जननं या शिरेला धमनी जोडलीय. दीड महिन्यानं पहिली सुई, मग आठवड्यातून तीनदा मशीन. त्यांना मी सांगून आलेय, माझी सून शेजारी उभी असल्याशिवाय या हाताला कुणी सुई लावायची नाही." आणि त्यांनी डावा हात पुढे केला. "हात लाव. बघ तरी, काय राखलंस ते."

निलमचे हात मातीचे होते. तिनं ते पदराला पुसले, दोनदा पुसले. चार वर्षं तिनं उशा रचल्या, नळी कापली, बाजारात डोकं टेकवलं. पण ज्या शिरेसाठी हे सारं, तिला तिनं आजवर एकदाही स्पर्श केला नव्हता! तिनं पट्टीच्या वर, कोपराकडे, भीत भीत दोन बोटं टेकवली.

कातडीखाली काहीतरी भुणभुणत होतं. फुलात अडकलेल्या भुंग्यासारखं, एकसारखं, जोमानं.

"आई गं," ती म्हणाली, आणि बोटं उचलायचं विसरून गेली.